मोजणीच्या पुढचं वाक्य

पाच महिन्यांपूर्वी बाईंच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि तोंडातले सगळे शब्द गेले. सगळे म्हणजे एक सोडून. राहिला तो ‘सोमवार’. आता एवढ्या मोठ्या भाषेतून नेमका सोमवारच का राहावा, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. चहा हवा असला की सोमवार, उशी उंच झाली की सोमवार, आणि नवरा ओल्या पायांनी घरात आला की असा काही सोमवार यायचा, की तो दारातूनच परत फिरायचा. सूर सगळे जागच्या जागी होते. राग, लाड, टोमणा, सगळं नीट ऐकू यायचं. शब्द तेवढा एकच.

नवऱ्याला धक्क्यावर सगळे कप्तान म्हणत. बत्तीस फुटी लाकडी लाँच चालवणाऱ्याला कप्तान म्हणणं ही खरं तर थट्टाच, पण ती इतकी वर्षं चालली की तेच नाव पडलं. बायको शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून ती सगळ्या गावाची बाई. एकोणीस वर्षं ही दोघं पहाटे लोकांना पाण्यावर नेऊन सूर्योदय दाखवत आली होती. किनारा पूर्वेकडचा, इथे सूर्य समुद्रातूनच वर येतो. फुकट दिसणारी गोष्ट बघायला माणसं तिकीट काढून येतात, याचं कप्तानाला सुरुवातीला फार हसू यायचं. पुढे त्याच्या लक्षात आलं की माणसं बाईंसाठी येतात. सूर्य काय, गच्चीवरूनही दिसतो.

कामाची वाटणी ठरलेली. कप्तान मागच्या केबिनमध्ये सुकाणूवर, पायाखाली इंजिन. बाई केबिनच्या पुढे, फळीला पाठ लावून उभ्या. त्यांच्यासमोर बाकांवर लोक. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बुडालेला पट्टा आहे. तो चुकवून उघड्या पाण्यावर पोचायला अर्धा तास लागायचा, आणि त्या अर्ध्या तासात बाई बोलायच्या. मग पाण्याच्या रेघेवर एक जागा पिवळी व्हायला लागली, की त्या पाठीमागच्या फळीवर दोनदा टकटक करायच्या. कप्तान इंजिन बंद करायचा. एकदम शांत व्हायचं. सूर्याची पहिली कड दिसली की बाई मोजायला सुरुवात करायच्या, सेकंदाला एक आकडा. अख्खा गोळा पाण्यापासून सुटला की मोजणी संपली. कधी एकशे तीस भरायचे, कधी एकशे अडतीस. सूर्य किती तिरपा चढतोय त्यावर ते ठरतं. आणि मग बाईंचं उरलेलं भाषण.

हे उरलेलं भाषण कप्तानाला पाठ होतं. का, तर तेव्हा इंजिन बंद असायचं. आधीच्या अर्ध्या तासात काचेतून त्याला फक्त बाईंची पाठ आणि टोपीची मागची बाजू दिसायची, आणि मध्येच वर गेलेला हात. आवाज सगळा इंजिनाच्या घशात. थोडक्यात, एकोणीस वर्षं संसार आणि धंदा एकत्र करूनही या माणसाला बायकोचं अर्धंच भाषण ठाऊक होतं, आणि तेही मागचं.

त्यात पुन्हा त्याने सूर्योदय स्वतः कधी पाहिलाच नव्हता. इंजिन थांबलं की प्रवाह लाँचला वाळूकडे ओढतो. म्हणून कप्तानाला त्या वेळी सूर्याकडे पाठ करून किनाऱ्याकडे डोळे लावावे लागत. तिथे दोन खांब आहेत, एकामागे एक. ते एका रेषेत दिसतात तोवर लाँच जागेवर आहे. एक जरी बाजूला डोकावला, तरी लाँच सरकली. सात-आठ माणसांचा जीव त्या दोन खांबांवर. तेव्हा सूर्योदय त्याच्या वाट्याला आला तो खांब गुलाबी होण्यापुरता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिल्या सहा महिन्यांत जे परत यायचं ते येतं. पुढे फार थोडं. आता सहावा महिना लागला होता.

आठवड्यातून दोनदा थेरपीच्या मॅडम यायच्या. तरुण होत्या, पण धीराच्या. त्या बाईंना चित्रं दाखवायच्या. घड्याळ, कुलूप, छत्री. बाई प्रत्येक चित्राला मनापासून सोमवार म्हणायच्या आणि मग स्वतःच मान हलवायच्या, की नाही, हे चुकलं. तेवढं बघणं कप्तानाला जड जायचं. आकडे मात्र यायचे. मॅडमनी ‘एक, दोन’ म्हटलं की बाई पुढे सुटायच्या, अगदी स्पष्ट, शाळेतल्या आवाजात. फक्त थांबता यायचं नाही. तीस, चाळीस, पन्नास, आणि डोळ्यांत हळूहळू भीती. मग मॅडम पाण्याचा पेला पुढे करायच्या. घोट गिळला की साखळी तुटायची.

“जिथे वाक्य नव्याने जुळवावं लागतं, तो रस्ता बंद झालाय,” मॅडम म्हणाल्या. “पण जे हजारदा म्हटलेलं असतं ना, पाढे, आकडे, ते दुसऱ्याच रस्त्याने येतं. असं आणखी काही आहे का त्यांच्याकडे?”

“भाषण आहे,” कप्तान म्हणाला. “लाँचवरचं.”

“किती वेळा केलं असेल?”

“तीन हजार वेळा. जास्तच.”

“मग सुरुवात करून द्या. पहिलं वाक्य तुम्ही म्हणा. कदाचित त्या उचलतील.” त्यांनी वही मिटली. “आशा ठेवा. बेत मात्र करू नका.”

कप्तानाचा चेहरा पडला तो इथे. तीन हजार वेळा झालेल्या भाषणाचं पहिलं वाक्य काय, हे त्याला माहीत नव्हतं, आणि हे त्या पोरीसमोर कबूल करायची त्याला लाज वाटली. त्याने मान डोलावून त्यांना दारापर्यंत सोडलं.

त्या संध्याकाळी त्याने भाषणात मागच्या बाजूने घुसून पाहिलं. खुर्ची ओढून बाईंच्या समोर बसला आणि म्हणाला, “बघा, सुटला.” मोजणी संपली की बाईंचं हे पहिलं वाक्य असायचं. बाईंनी चमकून पाहिलं. ओठ हलले. मग त्यांनी डावा हात मागे मागे नेला, खांद्याच्याही मागे, आणि चिडून म्हणाल्या, “सोमवार.” अर्थ लख्ख होता. तिथून नाही. आधीपासून.

मग कप्तानाने शोध सुरू केला. बाईंनी भाषण कधी लिहून ठेवलं नव्हतं. ‘लिहिलं की मी वाचायला लागेन, आणि मी वाचायला लागले की लोक झोपतील,’ असं त्या म्हणायच्या. लेकीला फोन केला. ती लहानपणी प्रत्येक सुट्टीत लाँचवर असायची.

“बाबा, मी लाइफ जॅकेटच्या ढिगावर झोपलेली असायचे,” लेक म्हणाली. “मला फक्त बिस्किटं आठवतात.”

तिकिटांच्या वहीत जुन्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर होते. त्याने अकरा जणांना विचारलं. एकाला बाईंची टोपी आठवत होती. एकाला उलटी झाल्याचं आठवत होतं, स्वतःला. एक काकू म्हणाल्या, “उंच माणसांबद्दल काहीतरी होतं बघा. आमचे हे उंच आहेत ना, म्हणून लक्षात राहिलं.” उंच माणसांबद्दल काय, ते काही त्यांना सांगता येईना. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं की बाई फार छान बोलतात. कप्तानाने वही मिटून ठेवली.

तेव्हा त्याने शेवटचा उपाय ठरवला. आपल्याला सुरुवात माहीत नाही ना, मग ती लाँचलाच करून देऊ दे. तीच फळी, तीच वेळ, समोर माणसं. पाय जागेवर पडले की तोंड आपोआप चालेल. मॅडमनी बेत करू नका म्हटलं होतं, आणि हा अगदी बुडापासून शेंड्यापर्यंत बेत होता.

लेक फोनवर तडकली. “आईला सगळ्यांसमोर उभं करून काय मिळवणार आहात? तिला विचारलंत का?”

“विचारलं.”

“काय म्हणाली?”

“काय म्हणणार?”

“गरम कपडे घाला तिला,” लेक म्हणाली.

पण बाईंनी उत्तर दिलं होतं, लेकीला ते फोनवरून सांगण्यासारखं नव्हतं. कप्तानाने कपाटातून ती कापडी टोपी काढली, तेव्हा बाईंनी ती त्याच्या हातातून ओढून घेतली आणि एका हाताने, तिरकी का होईना, स्वतः डोक्यावर घातली. दुसऱ्या दिवशी पहाटे कप्तानाला जाग आली, तर बाई खुर्चीत बसलेल्या. बूट घालून. लेस तेवढ्या सुटलेल्या होत्या. कप्तानाने वाकून बांधल्या.

धक्क्यावरचा रखवालदार दोर सोडायला आला, बाईंना बघून खूश झाला. “बाई, बऱ्याच दिवसांनी?”

“सोमवार,” बाई म्हणाल्या.

“नाही हो, आज गुरुवार,” तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नाही. पण बाईंनी मान फिरवली, ती लाँचवर चढेपर्यंत वळवली नाही.

सात जण होते. एक उंचच्या उंच माणूस कॅमेरा आणि तिपाई घेऊन आला होता आणि प्रत्येकाला जरा सरका म्हणत होता. दोन जोडपी होती, एक कॉलेजची मुलगी होती, आणि एक निवृत्त नर्स होती. ही नर्स दोन वर्षांपूर्वी बहिणीबरोबर येऊन गेली होती. कप्तानाने तिला केबिनच्या आडोशाला गाठलं.

“तुम्ही ऐकलंय ना बाईंचं? सुरुवातीला काय म्हणतात त्या?”

नर्सने खरंच आठवून पाहिलं. “सुंदर बोलल्या होत्या,” ती म्हणाली. “काय बोलल्या ते नाही आठवत. पण सुंदर.” मग तिने बाईंच्या लुळ्या उजव्या हाताकडे पाहिलं, तिरक्या ओठांकडे पाहिलं. “कधी झालं?”

“पाच महिने.”

नर्स जाऊन सगळ्यात पुढच्या बाकावर बसली.

कप्तानाने आज नेहमीपेक्षा वीस मिनिटं आधी लाँच सोडली. इंजिन अगदी हळू ठेवायचं, केबिनची काच उघडी ठेवायची आणि एकोणीस वर्षांत जे ऐकलं नाही ते ऐकायचं, असं त्याने ठरवलं होतं. पहिलं वाक्य कानावर पडलं की ते मरेपर्यंत विसरायचं नाही. वाळूचा पट्टा डाव्या हाताला टाकून लाँच बाहेर पडली. पूर्वेला पाण्यावर आधी निळसर, मग जांभळट, आणि त्याच्याखाली नारिंगी पट्टी धरायला लागली होती. वर हवा स्वच्छ होती. पाणी इतकं शांत, की पुढून फुटणारी लाट दोन्हीकडे लांबवर तशीच जात राहिलेली दिसत होती.

बाई उठल्या. फळीला पाठ लावली, डावा हात कठड्यावर ठेवला, पाय थोडे फाकवले. लोक गप्प झाले. कप्तानाने कान उघड्या काचेकडे नेला.

“सोमवार,” बाई म्हणाल्या.

आणि थांबल्या नाहीत. सोमवार, सोमवार, मग जरा थांबून एक लांब सोमवार. हात आकाशाकडे गेला आणि वरून खाली आला, निळ्यापासून नारिंगीपर्यंत. आवाज चढला, उतरला. एके ठिकाणी त्यांनी भुवई उडवली आणि हसायला जागा ठेवली. तिथे नेहमी लोक हसत असणार. मग त्यांनी उंच माणसाकडे बोट केलं, त्याच्या डोक्यापर्यंत हात नेला, तिथून खाली बाकाच्या उंचीवर आणला आणि चार बोटं दाखवली. पुढे बोटाने हवेत एक गोल काढला आणि त्याच्या वरच्या टोकावर, अगदी नाजूक, एक टिंब दिल्यासारखं केलं. सोमवार, सोमवार. कप्तान सगळं ऐकत होता. बायकोच्या भाषणाची पहिली अर्धी बाजू अखेर त्याच्या कानावर पडत होती. कुठे श्वास घ्यायचा, कुठे आवाज बारीक करायचा, कुठे थट्टा, सगळं. शब्द सोडून सगळं. त्याला रडू आलं आणि हात सुकाणूवर होते म्हणून डोळे पुसता आले नाहीत.

लोक आधी एकमेकांकडे बघत राहिले. एका नवऱ्याने बायकोच्या कानात काहीतरी विचारलं. कॉलेजच्या मुलीने मान खाली घातली. बाईंचं बोलणं चालूच होतं, आणि त्या इतक्या रंगल्या होत्या की त्यांना वाटत असावं, सगळं नीट चाललंय. मग त्यांचं लक्ष त्या खाली घातलेल्या मानेकडे गेलं. तिथून दुसऱ्या तोंडाकडे, तिसऱ्या. हात हवेतच राहिला. एक सोमवार अर्ध्यावर तुटला.

कप्तानाला वाटलं, पुढे जावं, हात धरून खाली बसवावं. पण सुकाणू सोडता येत नव्हतं, लाँच पट्ट्याच्या टोकाशी होती. तो काचेतून बायकोची पाठ बघत राहिला. ती पाठ त्याने तीन हजार पहाटे पाहिली होती, आणि आज ती पहिल्यांदा वाकलेली होती.

जागा आली. पिवळं व्हायला लागलं. बाईंची मान आपोआप वर झाली. आणि फळीवर दोनदा वाजलं.

कप्तानाने इंजिन बंद केलं, किनाऱ्याकडे तोंड फिरवलं, खांब रेषेत धरले.

“एक,” बाई म्हणाल्या.

काय आवाज तो. स्वच्छ, खणखणीत, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला जागं करणारा. “दोन. तीन.”

“मला ‘एक’च्या वेळीच दिसला,” उभा असलेला कॅमेरावाला म्हणाला.

“कुठे?” बाकावरून नर्सने विचारलं.

“चार. पाच.”

“हां, आता मलाही,” नर्स म्हणाली.

आणि कप्तानाला, खांबांकडे बघता बघता, ती चार बोटं कळली. उभ्या माणसाचा डोळा वर असतो. त्याला पाण्यापलीकडचं थोडं जास्त दिसतं. सूर्य त्याला बसलेल्याहून चार सेकंद आधी उगवतो. भाषणाच्या पहिल्या अर्ध्यातलं एक वाक्य त्याला एकोणीस वर्षांनी मिळालं, ते असं, दोन अनोळखी माणसांच्या बोलण्यातून. त्याला वाटलं, सुरुवात झाली.

बाई मोजत होत्या. वीस. तीस. लोकही हळूहळू त्यांच्याबरोबर मोजायला लागले, नेहमी लागायचे तसे. कॉलेजची मुलगीसुद्धा. खांब गुलाबी झाले. ऐंशी. शंभर. लाँचवर सगळ्यांचा मिळून एक आवाज झाला होता आणि बाईंचा त्याच्या पुढे एक पाऊल. कप्तान मनात म्हणत होता, याच रस्त्याने ये. आकड्यांवरून चालत ये. पुढचं वाक्य मोजणीला लागूनच आहे, मध्ये एका श्वासाचं अंतर आहे. एकोणीस वर्षं तू त्या आकड्यावरून या वाक्यावर पाय टाकलायस. टाक.

“एकशे तेहतीस,” बाई म्हणाल्या. बाकीचे थांबले. गोळा पाण्यापासून सुटला होता, हे कप्तानाला त्यांच्या गप्प होण्यावरून कळलं.

तो वाट बघत राहिला.

“एकशे चौतीस,” बाई म्हणाल्या. “एकशे पस्तीस.”

एकशे चाळीस झाले. कप्तानाने मान न वळवता, उघड्या काचेतून, शक्य तेवढ्या हळू आवाजात म्हटलं, “बघा, सुटला.”

बाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. चेहरा एकदम उजळला. हेच, हेच, अशी त्यांनी मान हलवली, आणि त्या वाक्याच्या सुरात, त्याच ठसक्यात म्हणाल्या, “एकशे त्रेचाळीस.”

मग त्यांना कळलं. त्यांनी डावा हात तोंडावर दाबला. हाताखालून एकशे चव्वेचाळीस आला.

लोक अवघडून बसले होते. कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं, आणि खांब सोडून जाता येत नव्हतं. कप्तानाने घसा खाकरला आणि सूर्याकडे पाठ करून, किनाऱ्याला सांगितल्यासारखं, बाईंचं भाषण सुरू केलं.

“बघा, सुटला. आता तो पाण्याचा राहिला नाही. आता तुम्हाला खरं सांगते.” तो ‘सांगते’ म्हणाला, पाठ होतं ते तसंच होतं. कुणी हसलं नाही. “तुम्ही इतका वेळ ज्याला बघत होता, तो तिथे नव्हता. त्याची खालची कड पाण्याला टेकलेली दिसली ना, तेव्हासुद्धा तो अख्खाच्या अख्खा पाण्याच्या रेघेखाली होता. खालची हवा दाट असते. ती उजेडाला वाकवते, उचलते आणि तुमच्यापुढे आणून ठेवते. खालच्या कडेला जास्त उचलते, म्हणून तो चपटा दिसला. आणि हा उजेड तिथून निघाला, तेव्हा आपण अजून वाटेत होतो, सव्वाआठ मिनिटं झाली त्याला. म्हणजे आधी दिसतं, मग उगवतं. म्हणून डोळ्यांना खोटं म्हणू नका. ते फक्त घाईत असतात.”

सगळं बरोबर आलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. खालून सगळा वेळ आकडे चालू होते.

कॅमेरावाल्याने मान वर केली. “आणि ती वरच्या टोकाला हिरवी कड दिसली क्षणभर, ती कशामुळे?”

गोल काढून वर दिलेलं टिंब कप्तानाला आठवलं. ते काय होतं हे आत्ता कळलं. कशामुळे, ते कळायला मार्ग नव्हता.

“ते बाईंच्या भागात येतं,” तो म्हणाला.

परतीला त्याने बाईंना केबिनमध्ये आपल्याशेजारी स्टुलावर घेतलं. दोनशे नव्वद. सुकाणूच्या बाजूच्या खोबणीत पाण्याची बाटली होती, ती त्यानेच पहाटे भरून ठेवली होती. एक घोट, आणि साखळी तुटते. मॅडमनी शिकवलेलं त्याला चांगलं आठवत होतं. त्याने हात बाटलीकडे नेला, मग परत सुकाणूवर ठेवला.

आता याला काय म्हणावं. माणूस वाईट नव्हता. पाच महिने त्याने बायकोचं सगळं केलं होतं, न चिडता केलं होतं. पण शेजारी तिचा आवाज होता, तिचा स्वतःचा, एकामागून एक वेगळा शब्द बोलणारा. चारशे अकरा, चारशे बारा. एकही पुन्हा येत नव्हता. पाणी दिलं की हे थांबणार, आणि थांबलं की काय उरणार ते त्याला माहीत होतं. त्याने इंजिन आणखी हळू केलं, म्हणजे नीट ऐकू येईल. आणि पट्ट्याच्या आतल्या जवळच्या वाटेने न वळता, तो लांबून, बाहेरून निघाला.

“उशीर होतोय का?” मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

“ओहोटी आहे,” कप्तान म्हणाला. ओहोटी नव्हती.

आठशे. नऊशे. ऊन पाठीवर यायला लागलं. बाईंचा आवाज बसत चालला होता आणि दोन आकड्यांमधलं अंतर वाढत चाललं होतं. त्यांनी त्याच्या बाहीला धरलं होतं आणि त्या त्याच्याकडे बघत होत्या, आणि बघण्यात काय होतं ते न कळण्याएवढा तो नवखा नवरा नव्हता. थांबव, एवढंच होतं. तो समोर बघत राहिला. स्वतःची त्याला इतकी शरम वाटत होती की मान वळवायचं धाडस होईना, आणि तरी हात बाटलीकडे जाईना.

धक्का आला. रखवालदाराने दोर घेतला. लोक एकेक करून उतरले. कॅमेरावाला आभार मानून गेला, जोडपी नुसतीच गेली. नर्स सगळ्यात शेवटी उतरली. केबिनच्या दाराशी ती थांबली, आत पाहिलं, बाटलीकडे पाहिलं.

“पाणी द्या हो त्यांना आता,” ती म्हणाली आणि शिडी चढून गेली.

लाँचवर दोघंच उरली. इंजिन बंद होतं. बाईंचा आवाज आता नुसता खरखरत होता. “सोळाशे शहाण्णव,” त्या म्हणाल्या. कप्तानाने बाटली घेतली, झाकण फिरवलं. “सोळाशे सत्त्याण्णव.”

“शतक पुरं होऊ दे,” तो म्हणाला. “एवढंच. मग देतो.”

बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण त्या त्याच्यासाठी म्हणाल्यासारख्या म्हणाल्या, सावकाश, एकेक. सोळाशे अठ्ठ्याण्णव. सोळाशे नव्व्याण्णव.

“सतराशे.”

त्याने बाटली त्यांच्या ओठांना लावली. त्यांनी घोट घेतला, गिळला, आणखी एक घेतला. हनुवटीवरून ओघळलेलं त्याने बाहीने पुसलं. मग बाटली खाली ठेवून तो बसून राहिला, मोजणी संपल्यावर वाट बघायची सवयच होती म्हणून.

बाईंनी एक मोठा श्वास घेतला. त्याच्या गालावर हात ठेवला, जसं काही झालंच नाही.

“सोमवार,” त्या म्हणाल्या.

“हो,” तो म्हणाला आणि त्यांच्या बुटाची सुटलेली लेस बांधायला खाली वाकला.